कलम बावन्न

अजिंठ्याहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या धावडा गावात, जेथे हिरव्या मिरचीच्या हंगामात मालमोटारींची घरघर ऐकतच माणसे झोपी जातात आणि जेथे ट्रॅक्टर, टेम्पो, जीप व पाण्याचा टँकर यांखेरीज अन्य वाहनावाचून अद्याप कोणाचे काही अडलेले नाही, तेथे गेल्या आषाढात एक तांबडी, दोन आसनांची, टप काढून ठेवता येणारी आणि म्हशीच्या पोटाखालून सहज निघून जाईल की काय असे वाटण्याइतकी बुटकी मोटार टेम्पोत घालून आणण्यात आली, तेव्हा ती पाहावयास जमलेल्या मंडळींत मीही होतो. "ही कोणाच्या लग्नाची?" असे एका म्हातारीने विचारले. त्यानंतर त्या मोटारीविषयी पुष्कळ वाद झाले, कायद्याचा कीस पडला, भिक्षू नागसेनालाही साक्षीस बोलावण्यात आले. पण त्या प्रश्नाइतका समर्पक प्रश्न पुन्हा कोणी केला नाही.

मोटार आणली ती माझ्या शेजाऱ्यांच्या भाच्याने. शेजारी भोकरदनच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ. भाचा लहानपणापासून आजोळीच वाढल्यामुळे तो जी हाक मारी तीच गावाने उचलली, आणि आज त्यांच्याहून वडील माणसेही त्यांना मामाच म्हणतात. भाचा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर होऊन वाळूजच्या एका कारखान्यात बारा वर्षे राबला आणि आता गावी परतून पंप, ट्रॅक्टर व जुन्या जीपा दुरुस्त करतो. माझे म्हणाल तर मी सायकलवरून निवृत्त झालेला शाळामास्तर. मला मोटार हाकता येत नाही, म्हणूनच कदाचित दोघेही मला पंच मानीत.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. सॅन स्टॉर्म हे तिचे नाव. १९९८ साली ती बाजारात आली, गोव्यात तयार होत असे, तिचा आराखडा फ्रान्समधल्या ल मान नावाच्या एका संस्थेचा, काया फायबरची, आणि पोटात रेनो कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. ज्या काळी आपल्या देशात धनिकाचा मुलगादेखील चार दारांच्या मोटारीतच बसत असे, त्या काळी केवळ हौसेसाठी दोन आसनांची मोटार येथे घडवून विकावयाची, हे साहस मोठे होते. साहसाच्या मानाने गिऱ्हाईक थोडे निघाले, आणि आज तशा मोटारी मोजक्याच उरल्या आहेत. ही जी आमच्या गावी आली तिच्या पूर्वीच्या मालकाने रेडिएटरातले पाणी आटलेले असताना ती घाटात तशीच रेटली होती, त्यामुळे इंजिनाचे हेड वाकले, पिस्टन घासले, आणि भाच्याला ती जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाली. फायबरला दोन ठिकाणी भेगा होत्या. त्या त्याने गणपतीच्या फायबरच्या मूर्ती बनवणाऱ्या कारागिराकडून चार दिवसांत बुजवून आणल्या. इंजिनाचे दुखणे मात्र मूर्तिकाराच्या हाती देण्यासारखे नव्हते.

भाच्याचा विचार असा की, फ्रेंच इंजिनाचा एकेक भाग शोधत आयुष्य घालवण्यापेक्षा, अपघातात सापडून विमा कंपनीने निकालात काढलेल्या एका स्विफ्ट मोटारीचे ११९७ घनसेंटिमीटरचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन गिअरबॉक्ससकट आणावे आणि ते हिच्या पुढच्या भागात बसवावे. ते त्याने आणलेही. गोठ्याच्या पत्र्याखाली पोत्यावर ते ठेवलेले पाहून मामांनी पहिला आक्षेप नोंदवला.

"हे इंजिन त्या गाडीत गेले," मामा म्हणाले, "की ती गाडी ती उरत नाही. रजिस्टरात जिची नोंद आहे ती मयत, आणि जी रस्त्यावर धावते तिची नोंद नाही. तीस वर्षे मी कचेरीत काढली. बेवारस माणूस परवडतो, बेवारस नोंद परवडत नाही."

भाचा खाली बसून बोल्ट रॉकेलमध्ये धूत होता. त्याने मान वर न करता उत्तर दिले, "मामा, तुमच्या मळ्यात शंभर मोसंबी आहे. बदनापूरहून कलमे आणलीत. खुंट जंबेरीचा, त्यावर डोळा मोसंबीचा. सातबाऱ्यावर तलाठ्यानं काय लिहिलं? मोसंबी. जंबेरी लिहिलं का?"

हा घाव वर्मी लागला, याचे कारण असे की, ज्या गावात मिरची, मका आणि कापूस यांचेच राज्य, तेथे मामांनी हट्टाने मोसंबी लावली होती आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी ज्या वर्तमानपत्रात आली त्याचे कात्रण ते आलेल्यागेलेल्यास दाखवीत असत. मोसंबीचे झाड ज्यांनी लावले आहे त्यांना हे सांगावयास नको, पण इतरांसाठी सांगतो: मोसंबीला बी लावून वाढवीत नाहीत. जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा रोप पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन त्यात मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा सरकवतात, वरून पट्टी बांधतात, डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटून टाकतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. जमिनीतल्या बुरशीशी झगडायचे ते खुंटाने, आणि नाव मिळवायचे ते डोळ्याने.

मामा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक. पण तुझ्या या व्यवहारात खुंट कोणता आणि डोळा कोणता, ते अगोदर मुक्रर कर. मोसंबीत मूळ जागचे हलत नाही, वरचे बदलते. तू तर वरचे तसेच ठेवून मूळच उपटतो आहेस. आणि दुसरे असे की, डोळा लागतो तो एका जातीत. लिंबूवर्गावर लिंबूवर्ग. आंब्याच्या खुंटावर मोसंबी कोणी बांधली आहे काय?"

"पुढची चाकं ओढणारी ही पण आणि ती पण. इंजिन आडवं हिच्यातही, तिच्यातही. जात एकच झाली की."

येथे मला भाच्याची बाजू थोडी विस्ताराने मांडली पाहिजे, कारण तो बोलतो तुटक आणि त्याचा हात जे जाणतो ते त्याची जीभ सांगत नाही. जुन्या, मागची चाके ढकलणाऱ्या मोटारीत इंजिन उभे असते, त्यामागे गिअरबॉक्स, मग लांब दांडा, मग मागचा आस. तेथे इंजिन बदलणे म्हणजे बैल बदलण्यासारखे आहे, गाडा तोच राहतो. आपल्या खेड्यांतून पेट्रोलच्या जीपा आणि अँबॅसडर यांच्या पोटी मॅटाडोरचे डिझेल इंजिन गेले ते याच न्यायाने, आणि त्या काळी त्याला कोणी पाप म्हटले नाही. पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावातली तफावतच त्या पापाचे प्रायश्चित्त होती. पुढच्या चाकांच्या मोटारीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांचा एकच गठ्ठा आडवा बसतो, आणि त्याच्या दोन्ही कुशींतून चाकांपर्यंत एकेक आखूड दांडा जातो. तेव्हा गठ्ठा बदलला की दांड्याचे आतले टोक नव्या गिअरबॉक्सला जुळले पाहिजे आणि बाहेरचे टोक जुन्या चाकाच्या तुंब्याला. दोन्हीकडच्या दात्यांची संख्या निराळी, जाडी निराळी, लांबी निराळी. पुष्कळ हौशी मंडळी दोन दांडे मधोमध कापून एकाचे अर्धे दुसऱ्याच्या अर्ध्यास वेल्डिंगने जोडतात आणि देवाचे नाव घेतात. भाच्याने तसे केले नाही. त्याने जालन्याच्या एका लेथवाल्याकडून एन-२४ जातीच्या पोलादाचे दोन अखंड दांडे कातून, पाणी देऊन आणले होते, आणि ते मखमलीत गुंडाळावे तसे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते.

ते दांडे पाहून मामांना, आपण विरुद्ध बाजूचे वकील आहोत याचा क्षणभर विसर पडला. ते त्यांनी हातात घेतले, वजन अजमावले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांच्या गाडीचा कणा धावड्याच्या लाकडाचा होता. चिवट. सागाची गाडी मोडली, कणा मोडला नाही."

"मग त्या गाडीचं काय काय बदललं, मामा?"

"काय काय म्हणजे? दर दोन वर्षांनी आरे बदलत. धाव तर दर उन्हाळ्यात सैल होई, ती लोहार तापवून पुन्हा चढवी. जू दोनदा बदलले. साटा एकदा."

"आणि गाडी?"

"गाडी आजोबांचीच," मामा म्हणून गेले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना आपली चूक उमगली.

अशा प्रसंगी मास्तराने गप्प बसावे हे शहाणपण मला निवृत्तीनंतरही आलेले नाही. मी म्हणालो की, आपण अजिंठ्याच्या पायथ्याशी राहतो आणि ज्या धर्माच्या भिक्षूंनी त्या लेण्यांत वस्ती केली त्यांच्याच ग्रंथसंभारात हा खटला दोन हजार वर्षांपूर्वी चालून गेला आहे. मिलिंद नावाच्या यवन राजाने नागसेन भिक्षूला नाना प्रश्न विचारले, त्या संवादाचा ग्रंथ म्हणजे मिलिंदपञ्ह. त्यात नागसेन राजाला उलट विचारतो की, महाराज रथातून आले. तर रथ म्हणजे दांडी काय, आस काय, चाके काय, जू काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो. या सर्वांची रास केली तर ती रथ होईल काय? तेही नाही. मग रथ कोठे आहे? शेवटी राजाला कबूल करावे लागते की, हे भाग अशा तऱ्हेने एकत्र आले असता त्यांना रथ म्हणावयाचे, हा केवळ व्यवहारातला संकेत आहे.

भाचा खूश झाला. त्याला वाटले, निकाल त्याच्या बाजूने लागला. पण तहसील कचेरीत मुरलेल्या माणसाला संकेत शब्दाची भीती दाखवणे म्हणजे माशाला पाण्याची भीती दाखवणे होय. मामा ताठ बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा नागसेन आमच्या खात्याचा माणूस दिसतो. रथ दांडीत नाही, चाकात नाही, नावात आहे. मग त्या नावाचा अभिलेख कोणाकडे? दप्तरात! जमिनीचे काय होते? माती पावसाने वाहून जाते, बांध कोरला जातो, विहीर बुजते, खातेदार मरतो. गट क्रमांक टिकतो. वस्तू संकेत असेल तर संकेताचा रखवालदार कारकून आहे. तुम्ही तर मलाच मुखत्यारपत्र लिहून दिलेत."

"मग फेरफार घ्या की, मामा," भाचा शांतपणे म्हणाला. "खातेदार बदलला तर तुम्ही जमीन पुरून टाकत नव्हता. नोंद बदलत होता."

मी या वादात कोणाच्या बाजूचा आहे असे कोणी विचारले असते तर त्या क्षणी मला सांगता आले नसते. परंतु एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती आणि ती मी बोलून दाखवली. मामा ज्याला मूळ म्हणत होते ते मूळ मुळात कोठे अखंड होते? फ्रान्सचे इंजिन, गोव्याची काया. आणि हे काही या एकाच मोटारीचे नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९८५ साली निघालेली प्रीमियर ११८ एनई ही अंगाने इटलीची फियाट आणि काळजाने जपानची निस्सान होती, ११७१ घनसेंटिमीटरची. अँबॅसडर ही विलायती मॉरिस ऑक्सफर्डची प्रतिकृती; तिच्यात पुढे जपानी इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले तरी तिला कोणी पाटाची बायको म्हटले नाही. सातासमुद्रापलीकडची गोष्ट घ्या. इंग्लंडच्या एसी एस मोटारीला ब्रिस्टल कंपनीचे इंजिन मिळेनासे झाले, तेव्हा १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन गृहस्थाने तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घातले आणि कोब्रा जन्मली. आज जिच्या नकला जगभर होतात ती ही संकरित संतती. आणि जे ब्रिस्टल इंजिन मूळ म्हणून गेले, तेही युद्धापूर्वीच्या जर्मन बीएमडब्ल्यूवरूनच उतरवलेले होते. मूळ शोधत खाली खाली जावे तो तेथेही खुंटच.

"कारखान्याने केले ते निराळे," मामा म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात वादाचा आनंद नव्हता. "कारखाना इंजिन बदलतो तेव्हा ब्रेक बदलतो, स्प्रिंगा बदलतो, दहा गाड्या भिंतीवर आपटून पाहतो, आणि मग सरकारपुढे कागद ठेवतो. तू काय आपटून पाहणार? स्वतःला? अजिंठ्याचे विसरू नकोस. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास खास इटलीहून तज्ज्ञ आणले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. रंगांचे पापुद्रे सुटत होते ते त्यांनी बसवले, वरून लाखेचे रोगण दिले. पुढे तेच रोगण पिवळे पडले, काळवंडले, आणि चित्रे त्याच्या आड गेली. आता ते काढता काढता पुरातत्त्व खात्याच्या पिढ्या गेल्या. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला यश असते, तसा अपयशालाही त्याचाच हात लागतो."

"ते चित्र आहे, मामा. ते पाहायचं असतं. हे चालवायचं असतं. न चालणारी गाडी जालन्याला जाते, भट्टीत. तिथं तिच्या सळया होतात आणि कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जातात. हिचं तर तेही व्हायचं नाही. फायबर आहे. उकिरड्यावर पडंल नुसतं."

हे बोलणे दिवेलागणीच्या सुमारास चालले होते. भाच्याने मोटारीचे पुढचे दिवे लावून पाहिले, तो ते काजव्याइतकेच उजळले. बॅटरी नवी होती, बल्ब नवे होते. मामांना वाटले की, हा देवाचा कौल आहे. भाचा मात्र एक जाड काळी तार घेऊन खाली सरपटत गेला आणि मामांच्या हाती विजेरी देऊन म्हणाला, "इकडं धरा." पत्र्याच्या मोटारीत विजेच्या परतीच्या वाटेसाठी निराळी तार लागत नाही, सारे अंगच तार असते. फायबरच्या अंगातून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, भोंग्याला, पंपाला परतीची वाट चासीपर्यंत निराळी काढून द्यावी लागते. आणि ती तार उंदरांनी खाल्लेली असली किंवा तिच्या टोकाला गंज चढलेला असला की, नवे दिवेही आंधळे होतात. त्याने चासीवर एक ठिकाणी कानसीने रंग खरवडला, तांबूस गंजाखालून रुपेरी लोखंड वर आले, तेथे वायसर घालून तार आवळली. दिवे असे लागले की, समोरच्या गोठ्यातली म्हैस दावे तोडून उठली. मामा विजेरी विझवायला विसरले होते. त्यांनी "हं" एवढेच म्हटले, पण तो हुंकार मी लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कायद्याच्या तयारीने आले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहाराने भंगारातून छोटी जीप बनवली, ती दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होई, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली, ही हकीकत भाच्याने आदल्या रात्री निरोपाचे शस्त्र म्हणून फेकली होती. मामांनी ते शस्त्र उलटवले. "महिंद्रांनी कौतुक केले हे खरे, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील, हेही त्यांनीच लिहिले होते. अर्धी कैफियत वाचू नये." मग त्यांनी चष्मा लावला. "१९८८ चा मोटार वाहन कायदा. कलम ५२. निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करता कामा नये. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल आहे, केरळातल्या प्रकरणात; तोही याच अर्थाचा. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे लक्षात घे. माउंटिंग मोजले, दांडे मोजले, सायलेन्सर मोजला, तर तुझी मोसंबीची बाग जाईल."

"बाग तुमची आहे, मामा."

"म्हणून तर बोलतो."

वाचकहो, मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले, पण कलम या एका शब्दात झाडाची जोड, कायद्याचा परिच्छेद आणि लिहिण्याची लेखणी अशा तीन वस्तू इतक्या सलोख्याने नांदतात हे मला त्या सकाळपर्यंत सुचले नव्हते. दोघेही कलमाचाच आधार घेत होते, आणि दोघांचीही कलमे निराळी होती.

भाच्याने शेवटची पळवाट काढली. "मी रस्त्यावर नेतच नाही. आपल्या मळ्यातल्या रस्त्यावर फिरवीन. खासगी जमीन."

मामांनी पान उलटले. मला वाटते की, या क्षणासाठीच ते रात्रभर जागले असावेत. "कलम ३९. नोंदणी नसलेले वाहन कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी, आणि पुढचे शब्द ऐक, किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी चालवता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना तुझ्यासारखे भाचे होते. नोंदणी निलंबित झाली तर मळ्यातही नाही." आणि मग थोडे थांबून, जणू काही ही बाब सर्वांत कमी महत्त्वाची आहे अशा स्वरात ते म्हणाले, "२०२१ च्या जुलैत आणखी एक नियम निघाला. पन्नास वर्षांवरच्या मोटारींना विंटेज म्हणून निराळी नोंदणी, क्रमांकात व्ही-ए ही अक्षरे. अट अशी की, चासी, सांगाडा, इंजिन यांत लक्षणीय फेरबदल झालेला नसावा. ही मोटार १९९९ ची आहे. २०४९ साली ती पात्र होईल."

"२०४९ साली मी त्रेसष्ट वर्षांचा असंल."

"मी शंभराच्या पुढे असेन," मामा म्हणाले. "पण नोंद राहिली असती."

या वाक्यापाशी माझ्या मनात मामांविषयीचे मत बदलले. मी त्यांना आजवर कागदाचा भक्त समजत होतो. ते कागदाचे भक्त होतेच. पण वेड्यावाकड्या, हौसेने घडलेल्या, गिऱ्हाईक न मिळालेल्या मोजक्या मोटारींपैकी एक जशी निर्माण झाली तशी आमच्या गावी एखाद्या गोठ्यात उभी राहावी, आणि पन्नास वर्षांनी कोणी तरी येऊन ती पाहावी, ही त्यांची इच्छा कारकुनी नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात मीरा नावाची छोटी मोटार स्वतः घडवली. आज तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे, असा प्रश्न त्यांनी मला एकदा केला होता. तेव्हा मी तो सहज म्हणून सोडून दिला.

तरीही मला स्वतःला विचाराल तर भाच्याची बाजू थोडी जड वाटते, आणि तिला जी अट घालावीशी वाटते ती कायद्याची नाही, ब्रेकची आहे. ६० अश्वशक्तीच्या जागी ८५ आली म्हणजे मोटार किती पळेल याची चर्चा पोरे पारावर करतात. थांबेल कशी, याची कोणी करीत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटार ११० ने जाऊ लागली की, तिच्या अंगातली ऊर्जा दीडपटीच्याही पुढे, जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि ती सगळी ऊर्जा उष्णता करून टाकण्याचे काम ब्रेकच्या त्याच जुन्या चकत्यांनी करावयाचे. अजिंठ्याच्या घाटात उतरताना समोरून मिरचीची मालमोटार आली तर तिला नागसेनाचा संकेत समजावून सांगता येत नाही. हे मी भाच्याला म्हटले. त्याने हात पुसले, कोपऱ्यातल्या खोक्याचे झाकण काढले आणि मोठ्या व्यासाच्या दोन चकत्या व कॅलिपर दाखवले. बोलला काहीच नाही. त्याने अगोदर ब्रेक आणले होते आणि नंतर इंजिन.

मामांनीही ते पाहिले.

दोन दिवसांनी विहिरीचा गाळ उपसण्याची क्रेन मागून आणण्यात आली आणि नवे इंजिन साखळीवर टांगण्यात आले, माउंटिंगची मापे घेण्यापुरते. टाके मारावयाचे, पक्की जोड करावयाची नाही, असा तह झालेला होता. आभाळ भरून आले होते. साखळीचे टोक मामांच्या हाती होते. भाचा खालून "सोडा, सोडा, बस्स" असे म्हणेल तसे ते एकेक कडी सोडत होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतके वजन इतक्या हळुवारपणे उतरवलेले मी प्रथमच पाहिले. गठ्ठा पुढच्या खोबणीत उतरला. डावीकडे दोन बोटे जागा उरली, उजवीकडे गिअरबॉक्सचे कान चासीच्या पट्टीला टेकले. भाच्याने खडूने खूण केली आणि म्हणाला, "अर्धा इंच."

"हाच तो अर्धा इंच," मामा म्हणाले, "ज्यासाठी परवानगी लागते." साखळी त्यांनी आकड्याला अडकवली, खिशातून दुहेरी घडीचा फुलस्केप काढला आणि ओट्यावर बसून लिहू लागले. मी डोकावून पाहिले. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी, जालना, यांचे सेवेशी, अशी सुरुवात होती. अर्जदार शेतकरी कुटुंबातील असून तांत्रिक शिक्षण घेतलेला आहे. मूळ इंजिन अमुक कारणाने निकामी झाले असून तत्सम इंजिन या देशात सहजी उपलब्ध नाही. सबब अन्य निर्मात्याचे इंजिन, खरेदीच्या पावतीसह व मूळ वाहनाची नोंदणी रद्द झाल्याच्या दाखल्यासह, बसविण्यास पूर्वपरवानगी मिळावी, आणि कायद्यान्वये ती देता येत नसल्यास तसे सकारण लेखी कळविण्याची तजवीज व्हावी.

"देणार नाहीत ना?" भाच्याने गाडीखालून विचारले.

"बहुधा नाही."

"मग?"

"बदल झाला तर चौदा दिवसांत कळवायचे असते, झाला नाही तर अगोदर विचारायचे असते. आपण विचारतो आहोत. लेखी नकाराला अपील असते, तोंडी नकाराला नसते. इंजिन क्रमांक सांग."

क्रमांक ब्लॉकच्या खालच्या अंगाला कोरलेला, तेलकट मळीने भरलेला. भाच्याने पेट्रोलचा बोळा फिरवला आणि एकेक अक्षर वाचीत गेला. मामा लिहीत गेले. शेवटून दुसऱ्या अंकापाशी तो अडला. "तीन. नाही, थांबा. आठ असंल."

"असेल असे अर्जात लिहीत नाहीत."

पावसाचे मोठे थेंब पत्र्यावर पडू लागले. मी जुन्या सवयीने खिशात बाळगलेला खडूचा तुकडा पुढे केला. मामांनी तो घेतला, धोतर सावरून गुडघ्यांवर बसले, मग हात टेकून, मग चक्क कुशीवर होऊन त्यांनी डोके चाकाच्या कमानीत घातले आणि खडू त्या अंकांवरून आडवा घासला. पांढरी भुकटी खाचांत बसली.

"आठ," आतून आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी पांढरे हात धोतराला पुसले, कागदावर तीन लिहिलेला होता त्यावरून एक सरळ रेघ मारली, वर आठ लिहिला, आणि खाडाखोडीच्या शेजारी समासात आपली आद्याक्षरे घातली. अर्जदाराचे नाव भाच्याचे होते.